शापोऱ्याच्या काठाकाठाने



गेल्या फेब्रुवारीत माझ्या मित्राने गोव्यातली एक नदी वल्हवत पार केली. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांनी त्यासाठी देणगी दिली होती. 'प्रवास कसा झाला ते लिहून दे' असं तुम्ही तेव्हाच बजावलं होतं, म्हणून हा लेख. शेवटी पैशांचा हिशोबही दिला आहे.

आधी मित्राबद्दल. आम्ही पुण्यात चार वर्षं एका होस्टेलवर राहिलो. तो पेडण्याचा, म्हणजे गोव्याच्या अगदी उत्तर टोकाच्या तालुक्यातला. घर नदीकाठी, पण गड्याला पोहता येत नव्हतं. ट्रेकला गेलो आणि वाटेत डोह लागला की आम्ही सगळे पाण्यात उड्या मारायचो आणि हा काठावर चपला सांभाळत बसायचा. आम्ही त्याचं नाव 'दगड' ठेवलं. तोही हसायचा.

कारण कळलं ते नोकरीला लागल्यानंतर, त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा. भिंतीवर अकरा वर्षांच्या मुलाचा हार घातलेला फोटो होता. तो त्याचा मोठा भाऊ. गावातल्या मुलांबरोबर नदीवर गेला होता. कमरेइतकं पाणी होतं म्हणून दोन पावलं पुढे गेला, आणि तिथे वाळू काढून झालेला खड्डा होता. बरोबरची दोन मुलं काठावर उभी होती. त्यातला एक त्याच्यामागे उतरणार होता, दुसऱ्याने त्याला धरून ठेवलं. शेजारीच एक लांब बांबू पडलेला होता, पण तो पुढे करावा हे त्या वयात कोणालाच सुचलं नाही. त्यानंतर त्याच्या आई, ज्यांना मी माई म्हणतो, कधी नदीवर गेल्या नाहीत. धाकट्याला तर पाण्याजवळ फिरकूच दिलं नाही. त्या दिवसापासून मी 'दगड' हे नाव घेत नाही. गावाचं नावही इथे लिहीत नाही, कारण माईंनी तसं सांगितलं आहे.

२०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या वेळी दत्तू भोकनळचं नाव गाजलं, ते तुम्हाला आठवत असेल. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या टंचाईच्या गावातला हा मुलगा सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात धरलं आणि ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. मित्र तेव्हा मला म्हणाला, "याच्या गावात पाणी नव्हतं तरी हा शिकला. माझ्या दारात नदी आहे." त्या वर्षी, नोकरी सांभाळून, तो एका तलावावर सहा-सात वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये पोहायला शिकला. मग वल्हवायला. आणि दोन वर्षांपूर्वी त्याने ठरवलं की आपल्या नदीवरून वल्हवत जायचं, दर किलोमीटरला चार हजार रुपये गोळा करायचे आणि त्या पैशातून गावच्या मुलांना पोहायला शिकवायचं.

पहिला बेत मांडवीचा होता. म्हणून आम्ही आधी डिचोली तालुक्यात नार्व्याला जाऊन आलो. तिथल्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव अलीकडे आणला गेला, कारण डिचोली तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हती. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळातून धक्क्यावर आलो तर दिवाडीची फेरीबोट माणसं आणि गाड्या घेऊन निघत होती. पुढे पणजीकडे बार्जेस, कॅसिनोच्या बोटी आणि त्यांच्या लाटा. एकट्या माणसाच्या लहान होडीला ते झेपणारं नव्हतं. मित्र थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आपल्याच नदीवर जाऊ या. उगाच टाळत होतो."

ही 'आपली नदी' म्हणजे शापोरा. वर सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात ती तिळारी असते. गोव्यात आल्यावर तिच्या उजव्या काठाला पेडणे आणि डाव्या काठाला आधी डिचोली, मग बार्देश. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात तिला पंचविसावा क्रमांक आहे आणि योगायोगाने त्या जलमार्गाची लांबीही, मणेरीपासून मोरजीच्या समुद्रापर्यंत, साधारण २५ किलोमीटरच आहे. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं. त्याआधी ही नदी म्हणजे हद्द होती, अलीकडे बार्देशात पोर्तुगीज आणि पलीकडे सावंतवाडीकर. आज तिथे 'पलीकडे जाऊन येतो' असं माणसं किती सहज म्हणतात!

माझ्याकडे काम होतं मदतीचं, म्हणजे काठाकाठाने गाडी घेऊन जायचं, ठरलेल्या जागी पाणी आणि खाणं द्यायचं आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांभाळायचं. होडीबरोबर थोडं अंतर ठेवून इंजिनाची एक होडी राहणार होती. ती चालवणारे दादा शिवोलीचे, तिथल्या पाण्यात आयुष्य गेलेले. परवानग्या काढल्या, लाइफ जॅकेट आणि दोर घेतले आणि मी एक सुंदर एक्सेल शीट बनवलं. त्यात प्रत्येक टप्प्याचं अंतर, वेग, वेळ, कॅलरी सगळं होतं. दादांना दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "तीथ खंयची?"

तिथी कशाला, तर तिथीवरून भरती कळते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा, की तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आमचा दिवस नवमीचा, म्हणजे पावणेसात. मोबाइलवरचं अ‍ॅपही सातच्या आसपासच दाखवत होतं! मुलांनो, पुढच्या वेळी कोकणात गेलात की कालनिर्णय उघडून हे करून बघा. शिवाय अष्टमी-नवमीला पाण्याची चढ-उतार कमी असते. त्याला भांगाची भरती म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा तेव्हा पाण्याची ओढ सौम्य असते, म्हणून हा दिवस दादांनीच सुचवला होता.

मी हिशोब केला की पावणेसातला भरती पूर्ण, मग साधारण सहा तास ओहोटी. सातला सुटायचं, ताशी पाच किलोमीटर, ओहोटी समुद्राकडे ओढणार, बाराला मोरजी. दादा एवढंच म्हणाले, "उदकाक घड्याळ कळना." पाण्याला घड्याळ कळत नाही. मला वाटलं, जुनी माणसं असं बोलतातच.

डिचोली तालुक्यातल्या साळ गावाच्या खालून आम्ही सुरुवात केली. साळ म्हणजे शिमग्यातल्या गड्यांच्या उत्सवासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. पहाटे धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. समोरच्या इब्रामपूर-हणखणे भागातल्या लोकांना ही शांत नदी दुसऱ्या रूपातही माहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणातून पाणी सोडल्यावर ती या गावांत शिरली होती. एका घराच्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण एका काकांनी मला दाखवली. खूण माझ्या खांद्याच्या वर होती.

वल्हवणं मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. वल्हवणारा पाठमोरा जातो. त्याला मागे पडलेलं सगळं दिसतं, पुढचं काहीच दिसत नाही. त्यामुळे पुढे खडक आहे, वाळूचा उंचवटा आहे, कोणाचं जाळं लावलेलं आहे, हे कोणीतरी सांगावं लागतं. पाण्यावर ते दादा सांगत होते आणि जिथे काठ गाठता येत होता तिथे मी. "डावीकडे! तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" असं ओरडून माझा घसा पहिल्या तासातच बसला.

आणि पहिल्या तासातच वेळापत्रकही बसलं. सात वाजता पाणी ओसरायला लागेल असं मी लिहिलं होतं, पण साळला ते अजून चढतच होतं. साडेआठपर्यंत पाणी आमच्या विरुद्ध होतं. काही ठिकाणी पात्र इतकं उथळ की उतरून होडी ओढावी लागली. ओढताना मित्र दर पावलाआधी वल्ह्याने तळ चाचपत होता. का, ते मला विचारावं लागलं नाही.

चूक कुठे झाली ते मला चांदेलला कळलं. पेडण्याला पाणी पुरवणारा जलशुद्धीकरण प्रकल्प आहे तेच हे चांदेल. भरती मुखातून आत शिरते आणि नदीतून वर चढायला तिला वेळ लागतो. मोरजीला पाणी उतरायला लागलं तरी वर साळला ते अजून चढत असतं. तसंच, दुपारी मुखाशी नवी भरती सुरू होते आणि ती वर येताना आपण खाली जात असल्यामुळे वाटेतच गाठते. म्हणजे वर ओहोटी उशिरा सुरू होते आणि खाली लवकर संपते. माझ्या सहा तासांचे जेमतेम चार-साडेचार उरले होते. अमेरिकेहून भारतात येताना दिवस कसा आखूड होतो, तसंच. अकरा वर्षं टाइम झोनचे बग सोडवून पगार घेतो आणि मोरजीची वेळ मी सगळ्या नदीला लावली होती.

चांदेलच्या पुढे कुठेतरी त्याचं गाव येतं. तिथे मला काठावर जाता आलं नाही, हे दादांनी नंतर सांगितलं. त्या जागी मित्राने वल्ही पाण्याबाहेर घेतली आणि होडी प्रवाहावर सोडली. तोंड मागेच होतं, त्यामुळे ती जागा वळणाआड जाईपर्यंत त्याला दिसत राहिली. मग त्याने पुन्हा वल्हवायला घेतलं. दादांनी इंजिन बंद ठेवलं होतं. ते काही बोलले नाहीत.

मी तेवढ्यात घरी जाऊन माईंकडून डबा घेतला. उकड्या तांदळाची पेज, आंब्याचं लोणचं, उकडलेली रताळी. माईंनी विचारलं, "खंय पावलो?" कुठे पोहोचला? मी म्हटलं, कोलवाळ. हे त्यांनी दिवसभरात चार वेळा विचारलं. बाकी काही नाही.

कोलवाळला हायवेचा पूल येतो आणि जवळच कोकण रेल्वेचा. कोकणात रेल्वेने जाताना आपण हा पूल कितीतरी वेळा ओलांडलेला असतो, मोबाइलमध्ये डोकं घालून! पुलाखाली तो पोहोचला तेव्हा बारा वाजत आले होते. साधारण निम्मं अंतर झालं होतं. हाताला फोड आले होते. पेज उभ्यानेच प्यायला. वरून मोपाच्या विमानतळाकडे एक विमान उतरत गेलं आणि तो म्हणाला, "त्यातले लोक चाळीस मिनिटांत मोरजीच्या हॉटेलात असतील."

पुढे कामुर्ली आणि तुये. इथे नदी रुंद होते, दोन्ही काठांना खारफुटी आणि तिच्यामागे खाजन जमिनी. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेतजमीन, बांध घालून राखलेली. बांधात लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं. वीज नाही, सेन्सर नाही, शेकडो वर्षं चाललं आहे. एका मानशीजवळ दादांनी होडी हळू केली, दाराकडे बोट दाखवलं आणि काठावरच्या मला ओरडून म्हणाले, "धांपलें!" दार बंद झालं होतं. भरती इथवर आली होती. 

त्यात दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला, तोही समोरून. पार्से, मग मिठागरांचं आगरवाडा. तीन किलोमीटरला दीड तासाच्या वर लागला. दहा वेळा वल्हं मारावं तेव्हा काठावरचं एक झाड मागे पडे. चोपड्याला पोहोचेपर्यंत साडेचार वाजून गेले होते. तिथून मोरजीचं मुख चारेक किलोमीटर. भरती सव्वासातपर्यंत समोरूनच येणार होती, सूर्य साडेसहाच्या आसपास मावळणार होता आणि मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात.

चोपडे-शिवोली पुलाखालच्या काठावर मी दोर घेऊन उभा होतो. तो पाण्यातूनच म्हणाला, "बाटली फेक. थांबत नाही."

"थांब," मी म्हटलं.

"चारच किलोमीटर उरलेत रे. लोकांनी पंचवीसचे पैसे दिलेत."

"चूक माझ्या तक्त्याची आहे. ती तुझ्या हातांनी भरून काढायची नाही."

तो चिडला. जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मलाही वाटत होतं की हो म्हणावं, दोन वर्षांची मेहनत आहे. पण आपण ज्या कामासाठी पैसे गोळा करतोय त्यातला पहिला धडाच तो आहे, की पाणी ऐकत नसेल तर माणसाने ऐकावं. त्याला पुढचं दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं, मी एवढ्यासाठीच काठावर होतो. दादांनीही मान हलवली, नाही म्हणून. मी दोर फेकला. त्याने तो लगेच धरला नाही.

तेवढ्यात मागे रिक्षा थांबली. शेजारच्या वहिनींबरोबर माई आल्या होत्या. चपला काठावर काढून, साडी थोडी वर धरून त्या घोटाभर पाण्यात उतरल्या आणि माझ्या हातातला दोर त्यांनीही धरला. थांब म्हणाल्या नाहीत, चल म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पुता, जेवलोस?"

त्याने दोर धरला.

दुसऱ्या दिवशी दशमी, म्हणजे तीन गुणिले दहा भागिले चार, साडेसात. हा हिशोब दादांनी मला करू दिला नाही, त्यांनीच सांगितला. आठ वाजता, ओहोटी लागल्यावर, तो चोपड्याहून सुटला आणि तासाभरात मुखाशी पोहोचला. कालचे दीड तासात तीन किलोमीटर आणि आजचे तासात चार, तेही फोड आलेल्या हातांनी. डावीकडे टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला होता. सध्याचा किल्ला पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये बांधला. आपल्या पिढीला तो 'दिल चाहता है'मधला म्हणून ठाऊक. उजवीकडे मोरजीचा किनारा, जिथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मुखाच्या आतल्या बाजूला, लाटा फुटतात त्याच्या बऱ्याच अलीकडे, होडी वाळूला लागली. टाळ्या वाजवायला आम्ही चार माणसं होतो. माई आल्या नव्हत्या. "काल पळयलें," एवढंच म्हणाल्या होत्या. काल बघितलं, तेवढं पुरे.

आता हिशोब. २५ किलोमीटरचे एक लाख रुपये जमायचे होते, ते जमले. एका दिवसाऐवजी दोन दिवस लागले हे आम्ही प्रत्येक देणगीदाराला कळवलं. कोणीही पैसे परत मागितले नाहीत. एका आजोबांनी तर थांबल्याबद्दल पाचशे रुपये जास्त पाठवले! त्यातून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या मुलांना पोहायला शिकवायचा पहिला वर्ग झाला. उरलेल्या पैशातून तीन घाटांवर दोर, बांबू आणि रिकामे कॅन ठेवले आहेत.

त्या कॅनबद्दल थोडं सांगतो, कारण ते आपल्या मुलांसाठीही आहे. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शाळकरी मुलांना पोहण्याबरोबरच सुरक्षितपणे दुसऱ्याला वाचवायलाही शिकवा. आपल्या सोसायट्यांत स्विमिंग पूल आहेत, मुलं फ्रीस्टाइल, बटरफ्लाय शिकतात. पण बुडणाऱ्याला बघून उडी मारायची नसते, हे किती जणांना माहीत आहे? आधी ओरडून मोठ्यांना बोलवा. काठी किंवा बांबू पुढे करा, तोही पोटावर आडवं पडून, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही. काठी पुरत नसेल तर तरंगणारं काहीतरी फेका. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोराला बांधलेला असेल तर उत्तम. पिकनिकला जाताना असा कॅन गाडीत ठेवायला काहीच खर्च नाही.

गावच्या वर्गातही पहिल्या दिवशी पाण्यात उतरायच्या आधी मुलांना हेच शिकवलं. बांबू पुढे करायला मित्र स्वतः उभा होता.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे, या वेळी ठरवूनच दोन दिवसांत. वेळापत्रक दादा करणार आहेत. माझ्याकडे फक्त पेज पोहोचवायचं काम दिलं आहे. कोणाला काठावर मदतीला यायचं असेल तर मंडळाकडे नाव द्या. पोहता यायलाच हवं असं नाही, पण मोठ्याने 'थांब' म्हणता यायला हवं.